मधली अकरा वर्षं

सिनेमातलं गाणं कादंबरीत कसं लिहायचं, हा प्रश्न आमच्या डोंबिवलीच्या घरात दर दोन-तीन महिन्यांनी जेवायच्या वेळी निघायचा. गाण्याचे शब्द छापायचे नाहीत, असा ठाण्याच्या प्रकाशकांचा दंडक होता. त्यांचे हक्क म्हणे दुसऱ्याच कुणाचे असत. बरं, गाणं गाळावं तर गोष्टीला भोक पडायचं. पडद्यावर नायक-नायिका बागेत चार-पाच मिनिटं पळतात आणि तेवढ्यात त्यांचं प्रेम होऊन जातं. कागदावर त्या जागी काय घालणार? अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे चांदणं घालायचे. चांदणं, मोगरा, दूरवर कुणीतरी वाजवलेली बासरी. कुमुदआत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, ताटावरूनच सांगायची की दादा, मागच्या पुस्तकातही चांदणंच होतं आणि त्याच्या मागच्यातही, लोक म्हणतील ह्यांच्याकडे अमावास्या येतच नाही. मग अण्णा चिडून म्हणायचे, तूच घाल काय ते. आणि आत्या घालायची. तिला मनापासून येत होतं ते एकच, स्वयंपाक. त्यामुळे सिनेमात जिथे जिथे गाणं, तिथे तिथे आमच्या पुस्तकात रांधणं. नायक नायिकेच्या घरी आलाय, ती अळूच्या पानांच्या शिरा काढतेय, पीठ कालवतेय, चिंचेचा कोळ जरा जास्त झाला म्हणून गूळ शोधतेय, आणि तो दारात उभा राहून नुसता बघतोय. उंडे वाफवून, कापून, तळून होईपर्यंत दोघांचं जमलेलं असायचं. खरं सांगते, मला ते बागेतल्या पळापळीपेक्षा कितीतरी पटण्यासारखं वाटतं.

आजच्या मुलांना हा उद्योगच माहीत नसतो. त्या काळी सिनेमा थिएटरातून उतरला की उतरला. व्हिडिओ असलेलं घर गल्लीत एखादंच, आणि तिथे आपल्याला बोलावलं तर. मग ज्यांना तो सिनेमा पुन्हा हवा असे, किंवा ज्यांना घरातून जाऊच देत नसत, अशा बायका-मुली त्याची कादंबरी घ्यायच्या. खिशात मावेल एवढं पुस्तक, वर नायिकेचा रंगीत चेहरा, लाली ओठांच्या जरा बाहेर गेलेली. अण्णा ठाण्याला एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून होते आणि संध्याकाळी ह्या कादंबऱ्या लिहायचे. सिनेमा लागायच्या दिवशी पुस्तक बाजारात हवं, त्यामुळे लिहिताना त्यांनी सिनेमा पाहिलेलाच नसायचा. निर्मात्याकडून टाइप केलेली गोष्ट यायची, जेमतेम काही पानांची, आणि पाकिटातून थोडे फोटो. तेवढ्यावर अख्खं पुस्तक उभं करायचं. गोष्टीत एक ओळ असायची, नायिका आईच्या गळ्यात पडून रडते. बस्स. कुठल्या खोलीत रडते, खिडकी कुठे आहे, गॅसवर काही चढवलंय की नाही, ते आमचं आम्ही. अण्णांचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं अंगण. छापखान्यातल्या लोकांनी हात जोडले, तेव्हापासून पक्की प्रत आत्या करायला लागली, आणि करता करता प्रश्न विचारायला लागली. ह्यांच्याकडे पाणी किती वाजता येतं? धुणं कोण धुतं? अण्णांकडे उत्तर नसायचं, मग ती आमच्या घरातलंच उत्तर लिहून टाकायची. एका कादंबरीत मलबार हिलवरच्या कोट्यधीशाची मुलगी पहाटे उठून पिंप भरते, ते असंच छापून गेलं. प्रकाशकांनी अण्णांना खूप सुनावलं. पण वाचणाऱ्या एकाही बाईने तक्रार केली नाही, त्यांच्याकडेही पाणी पहाटेच यायचं.

माझ्या लहानपणीच्या दुपारी ह्या सगळ्यात गेल्या. शाळा सकाळची, जेवून मी चटईवर आडवी व्हायची. आत्या पाट मांडीवर घेऊन लिहायला बसायची आणि लिहिताना प्रत्येक शब्द ओठांतल्या ओठांत म्हणायची. शाईच्या पेनाची कुरकुर, आईच्या सुपाचा आवाज, गॅलरीत वाळत घातलेल्या कुरडयांवर टपलेल्या चिमण्या, खाली भंगारवाल्याची लांबट हाळी. दुपारी वीज हमखास जायची. पंखा गरगरत गरगरत थांबायचा आणि मग आत्याचं पुटपुटणं स्पष्ट ऐकू यायचं. ‘तिने पदराने डोळे टिपले आणि डाळीला फोडणी दिली.’ मला झोप लागायची ती अशा एखाद्या वाक्यावर, आणि गोष्ट झोपेतही चालूच राहायची. जाग यायची तेव्हा नायिकेचं लग्न झालेलं असायचं, नाहीतर ती विधवा तरी झालेली असायची, आणि मधलं सगळं मी पाहिलंय अशी माझी ठाम समजूत असायची. आजही टीव्हीवर दुपारचा त्यातला एखादा सिनेमा लागतो. मी नातीला सांगते, थांब, आता बघ, ती त्याला गरम थालीपीठ लावून देईल. तो गाणं म्हणतो, झाडाला मिठी मारतो, आणि सिनेमा पुढे जातो. नात माझ्याकडे बघते. आजीचं आता काही खरं नाही, असं तिच्या चेहऱ्यावर असतं. पण मला ते थालीपीठ दिसलेलं असतं, त्याला मी काय करू?

गंमत अशी की कुमुदआत्याने स्वतः त्यातला एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी पहिलीत होते. कल्याणचं सासर, नवऱ्याने विठ्ठलवाडीला दुसरं बिऱ्हाड केलेलं, आणि हिने एक दिवस आपली ट्रंक उचलली. नवऱ्याने टाकलेली बाई थिएटरात दिसली तर लोक काय बोलतील, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती, असे ते दिवस होते. हळदीकुंकवाची बोलावणी तिला यायची, पण पाठोपाठ हळूच विचारणंही यायचं की काही कळलं का हो त्यांचं? ती हसून म्हणायची, मजेत असतील, मी आहेच की मजेत. जीभ तिखट, पण मी आजारी पडले की रात्रभर कपाळावरचा हात काढायची नाही. मला ती आईपेक्षाही जवळची होती. आई हयात असेपर्यंत हे मी कधी बोलले नाही, आता सांगायला हरकत नाही.

मी सातवीत होते तेव्हा ती कादंबरी आली. सिनेमाचं नाव सांगून उपयोग नाही, कुणाला आठवायचं नाही. गोष्टही नेहमीचीच. नवरा एका नाचणारीच्या नादाने घर सोडतो, बायको तुळशीपाशी दिवा लावून वाट बघते, अकरा वर्षांनी तो पस्तावून दारात येतो, आणि ही धावत जाऊन त्याच्या पायांवर पडते. मधल्या काळाला कागदात एकच ओळ होती. कॅलेंडरची पानं फडफडतात, अकरा वर्षं जातात. अण्णा खूश झाले, म्हणाले, चला, हे एका परिच्छेदात उरकलं. आत्या म्हणाली, उरकलं कसं? अकरा वर्षं आहेत ती. ऑफिसात तेव्हा ऑडिट चालू होतं आणि अण्णा दमून यायचे, त्यांनी तेवढा भाग तिच्यावर सोडून दिला. आणि आत्या लिहीत सुटली. रोज दुपारी मी चटईवर पडून ते ऐकत होते. ती बाई आधी सवयीने दोघांचा भात टाकायची आणि उरलेला सकाळी फोडणीला घालून खायची. मग एक दिवस तिच्या हाताला एकटीचं माप कळलं. पहिली दिवाळी तिने दार लावून काढली, दुसऱ्या दिवाळीला शेजारणीच्या चकल्या पाडून दिल्या, तिसऱ्या दिवाळीला चार घरच्या ऑर्डरी आल्या. आधी ती कॉटच्या कडेला अंग चोरून झोपायची, पुढे कधीतरी मधोमध झोपायला लागली. आणि नवऱ्याला कारलं चालत नसे म्हणून त्या घरात ते कधी शिजलं नव्हतं. सिनेमात जिथे विरहाचं गाणं होतं, तिथे आत्याने कारल्याची भाजी घातली. चिरून, मीठ लावून, पिळून, खरपूस परतून ती बाई खिडकीशी बसून जेवली, आणि तिला आवडली. चांगली चाळीस पानं झाली. अण्णांनी ती एका बैठकीत वाचली, चष्मा पुसला आणि एक अक्षरही बदललं नाही.

आत्या शेवटच्या प्रकरणाला पोचली आणि त्याच आठवड्यात तिचे थोरले दीर कल्याणहून आले. विठ्ठलवाडीचं बिऱ्हाड मोडलं होतं, ती बाई निघून गेलेली. आत्याची सासू घरातल्या घरात पडली होती आणि अंथरुणाला खिळली होती. दीर अगदी नम्रपणे बोलले. चूक झाली, त्याला पश्चात्ताप झालाय, शेवटी बाईचं घर ते बाईचं घर, रविवारी आम्ही दोघे भाऊ तिला न्यायलाच येतो. अण्णांनी नाही म्हटलं नाही. दीर गेल्यावर ते आत्याला म्हणाले, तू ठरव, पण त्यांचा चेहरा आधीच ठरवून बसलेला होता. मी त्यांना दोष देणार नाही. त्यांना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला होता आणि माझ्यामागे हिचं कोण, हा एकच घोर त्यांनी घेतला होता. आईने भाजी निवडता निवडता एवढंच सांगितलं की जायचं तर नवऱ्यासाठी जाऊ दे, सासूची चादर बदलायला नको. मला मात्र सरळ भीती वाटत होती. आत्या गेली तर दुपारी घरात उरणार काय, ह्या विचाराने मला जेवण जाईना.

आत्याने लिहिणंच थांबवलं. अण्णांनी कच्चं लिहून दिलेलं शेवटचं प्रकरण, त्यातलं दार, दिवा, पाय, आसवं, हे सगळं रोज समोर घेऊन बसायची आणि पेनाला टोपण लावून उठायची. ठाण्याहून निरोप यायला लागले की सिनेमा पुढच्या शुक्रवारी लागतोय, छापखाना खोळंबलाय. शेवटी अण्णांनी विचारलं. ती म्हणाली, "दादा, ही बाई पायावर पडत नाही." अण्णांनी पाकिटातून फोटो काढून दाखवला. नायिका पडलेली, नायकाच्या बुटांवर तिचे केस पसरलेले. आत्याने तो नीट बघितला आणि परत दिला. "सिनेमातली पडत असेल. चाळीस पानं मी आपल्या बाईबरोबर राहिलेय, ती नाही पडत."

अण्णांना वाटलं, हिने एकदा सिनेमा पाहिला की हिचं मन वळेल. पुस्तकाबद्दल, आणि दुसऱ्या गोष्टीबद्दलही, हे मला त्या वयातही कळत होतं. निर्मात्याने शनिवारी सकाळी ठाण्याच्या एका थिएटरात खास खेळ ठेवला होता. अण्णांनी तीन पास मागून आणले. आत्याने ठेवणीतली जांभळी साडी नेसली, मला दोन वेण्या घालून दिल्या, आणि वाटेत ती शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी बडबडत होती. आत अंधार झाला आणि आमची गोष्ट पडद्यावर सुरू झाली. मला सगळं माहीत होतं आणि काहीच ओळखीचं वाटत नव्हतं. मी पाहिलेलं घर दोन खोल्यांचं, खिडकीत कढीपत्ता लावलेलं. इथे संगमरवरी जिना होता. नायिका गोरीपान, अंगावर एकही सुरकुती नसलेली साडी, बोलायची कमी आणि बघायची जास्त. गाणी सुरू झाली की मी भाजीची वाट बघायची. कोणीतरी आपल्या झोपेतलं स्वप्न घेऊन त्यातली माणसं बदलून टाकावीत, तसं मला होत होतं, आणि तरी ते इतकं सुंदर होतं, तो उजेड, ते डोळे, की मी मान हलवायला विसरले. मग एक कॅलेंडर आलं. पानं फडफडली. मी पुडीतला एक शेंगदाणा तोंडात टाकून चावला असेल-नसेल, तेवढ्यात नायिकेच्या केसांत एक पांढरी बट आली. आत्या खुर्चीत पुढे सरकली आणि तिने माझ्या कानात विचारलं की अकरा वर्षं गेली? संपली? मी मान डोलावली. पुढे दार उघडलं, तो आला, ती पडली, आणि सगळं थिएटर रडायला लागलं. आमच्या पुढच्या रांगेतली एक बाई तर हुंदके आवरेनात म्हणून पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. अण्णा रडत होते. मीही रडले, चांगली मुसमुसून. आत्याच्या डोळ्यांत टिपूसही नव्हतं. शेजारच्यांच्या मुलीचा नाच बघावा तशी ती कौतुकाने बघत होती.

बाहेर आल्यावर आम्ही तलावपाळीला कठड्यावर बसलो. अण्णांनी भेळ घेतली. ऊन तलावावर पसरलं होतं, दोन-चार होड्या कुणाचीही घाई नसल्यासारख्या फिरत होत्या. मग अण्णांनी विचारलं, पाहिलंस ना, लोक कसे रडले? आत्या म्हणाली, "छानच आहे सिनेमा. नटी किती देखणी. पण दादा, अकरा वर्षं ही बाई जेवली काय?" अण्णा हसायला लागले आणि मधेच थांबले. ती शांतपणे भेळ खात होती. "एकदाही जेवताना दाखवली नाही. इतकी वर्षं न जेवलेली बाई पडेल रे कुणाच्याही पाया. आपली रोज जेवलीय." अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं, आणि डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, ते रागावले. मला वाटलं, आत्या उद्या गेलीच.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला दोघे भाऊ आले. आत्याच्या नवऱ्याला मी जवळजवळ पहिल्यांदाच बघत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, मी तशी तयारीही करून बसले होते, पण ते इतके दमलेले आणि ओशाळलेले दिसत होते की राग आला नाही. आत्या आत चहा करत होती आणि मी दाराच्या चौकटीला टेकून दोन्हीकडे बघत होते. बोलणं सगळं थोरले दीर करत होते. त्यांच्या आईचं दुखणं, डॉक्टर, नव्याने रंगवलेल्या खोल्या. अण्णा मांडीवर वर्तमानपत्र घेऊन त्याची घडी घालत होते आणि उलगडत होते. दीर समजुतीच्या सुरात म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं, अण्णा. एवढी वर्षं काय, बघता बघता गेली."

अण्णांचे हात थांबले. माझे वडील आयुष्यात कधी कुणाला मोठ्याने बोलले नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत. "तुमच्याकडे गेली असतील बघता बघता," ते म्हणाले. "माझ्या घरात ती एकेक दिवस करून गेलीत."

आत स्टोव्हचा आवाज बंद झाला. आत्या ट्रे घेऊन बाहेर आली, तेव्हा तिच्या नवऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि खाली बघतच तिला विचारलं, तुझं काय म्हणणं? ती म्हणाली, "दादा बोलला तेच. चहा घ्या, निवतोय." त्यांनी चहा घेतला. बिस्किटंही घेतली. निघताना तिने दाराशी जाऊन सांगितलं की सासूबाईंना रात्री मऊ भात द्या, पोळी त्यांना चावत नाही, आणि कूस बदलायला दुपारची एक बाई ठेवा, कल्याणात मिळतात. ते हो हो म्हणत जिना उतरले. अण्णा तसेच बसून होते, आपण हे काय बोलून बसलो असा चेहरा करून. आईने त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं आणि म्हणाली, बरं केलंत. मला इतकं हलकं वाटलं की मी गॅलरीत जाऊन उगीचच चिमण्या हाकलल्या.

कपबशा विसळून झाल्यावर आत्याने अण्णांकडे शेवटचं प्रकरण मागितलं. अण्णा घाईघाईने म्हणाले, राहू दे, मी प्रकाशकांना काहीतरी सांगतो, नाहीतर आपण शेवट बदलूच. ती म्हणाली, कशाला, छापखाना खोळंबलाय, सिनेमा त्यांचा आहे, त्यांची बाई पडते तर पडू दे की. पुढे पुस्तक तसंच निघालं, आत चाळीस पानं पोटभर जेवणारी बाई आणि शेवटी पायांवर लोटांगण. वाचणाऱ्या बायकांना त्याचं काय वाटलं असेल कोण जाणे. पण त्या संध्याकाळी आत्या पाट घेऊन बसली ती एकदाही थांबली नाही. मी चटईवर पडून ऐकत होते. दार वाजलं, दिवा थरथरला, ती धावली. अण्णांनी दोन ओळी लिहिल्या होत्या, तिथे आत्याने भरपूर आसवं घातली, सुटलेला अंबाडा घातला, उंबऱ्यावर फुटलेली बांगडी घातली. मग पेनाला टोपण लावून तिने ते सगळं आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. आईच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. आत्याने कागद लांब धरून पुन्हा एकदा बघितला.

"काय सुरेख पडते गं ही पायावर," ती म्हणाली, आणि इतकी हसली की मांडीवरचा पाट खाली पडला.